चेअरमनचा फोटो सापडला नाही

लग्नकार्यात कुणी "तुम्ही नोकरीत काय करत होता हो?" असं विचारलं की मी "कॉम्प्युटरमध्ये होते" म्हणून वेळ मारून नेते. पुढचे प्रश्न ठरलेले असतात. "म्हणजे प्रोग्रॅम लिहायचा का?" नाही. "मग दुरुस्ती?" तीही नाही. मग समोरची बाई जिलबीकडे वळते आणि माझी सुटका होते.

यंदा या अंकाचे संपादक हटूनच बसले, म्हणून एकदाचं सांगून टाकते. ऊस कितीही जोमदार असला तरी उभ्या उसाचा चहा होत नाही. तो तोडून गुऱ्हाळात न्यावा लागतो, गाळावा लागतो, काहिलीत आटवून ढेप पाडावी लागते. प्रोग्रॅमर लिहितात तो ऊस. त्याची ढेप पाडायची जी सगळी व्यवस्था, तिला बिल्ड सिस्टिम म्हणतात, आणि मी पुण्याच्या कंपन्यांतून जन्मभर ही गुऱ्हाळं बांधली. कुणी काय लिहिलंय, त्याला बाहेरून काय काय आणावं लागतं, आधी काय आणि नंतर काय, हे सगळं यंत्राला पढवून ठेवायचं. मग एक हुकूम सोडला की खाली वापरण्याजोगा प्रोग्रॅम पडतो. हे नीट चालतं तोवर तुमचं नावही कुणाला ठाऊक नसतं. बंद पडलं की चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

ज्याच्या चुकीमुळे बिल्ड मोडलं त्याच्या टेबलाशी जाऊन मी उभी राहायची. बोलायची नाही, नुसती उभी. पाठीमागे मला 'सासूबाई' म्हणत असत. मला ते कळायचं आणि आवडायचंही. एकदा एका मोठ्या कामाचं बिल्ड अख्खा दिवस खायचं, ते मी चहा पिऊन होईस्तोवर उरकेल असं करून दिलं. साहेबांनी सगळ्यांसमोर मला एक कप भेट दिला आणि म्हणाले, आता आपल्याला दिवसात जास्त काम करता येईल. त्यापुढचं सांगता येत नाही, गुप्ततेच्या कागदांवर सह्या करून दिल्यात. आणि खरं सांगायचं तर सांगण्यासारखंही फार नाही. मी बांधलेल्या गुऱ्हाळातला गूळ कुणी खाल्ला, त्यांचं तोंड गोड झालं की नाही, हे मला कधी कळलंच नाही.

निवृत्त होऊन बारामतीला घरी आले. पहिले काही दिवस माझी कपाटं आवरली. मग नवऱ्याची आवरायला घेतली, तेव्हा तोच हात जोडून म्हणाला, "तू काहीतरी काम शोध बाई." शोधता शोधता 'पाणीपाळी' सापडलं.

'पाणीपाळी' हा जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम. नदीवरून पाणी उचलणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्था असतात. कुणाच्या उसाला कधी आणि किती वेळ पाणी, ही पाळी लावणं म्हणजे भांडणाला आवतण. नरसिंहपूरच्या तात्यांनी या भांडणांवर उपाय म्हणून हा प्रोग्रॅम लिहिला. तात्या हायस्कूलला गणित शिकवून निवृत्त झालेले, जावा पुस्तकावरून शिकलेले. पाणी पाजल्याचे कुणी पैसे घेतं का, असं म्हणून त्यांनी तो ओपन सोर्स करून टाकला. म्हणजे मूळ लिखाण सगळ्यांना खुलं, कुणीही घ्यावं, फुकट वापरावं, जमलं तर सुधारून परत द्यावं. इंदापूर तालुक्यात आणि नदीपलीकडच्या गावांत तो पसरला. मी इंटरनेटवरून चार-दोन दुरुस्त्या पाठवल्या, तात्यांनी त्या गणिताचा पेपर तपासावा तशा तपासून घेतल्या, आणि आमचं सूत जुळलं.

अशात ब्राझीलमधल्या एका गृहस्थांची मेल आली. त्यांच्या गावातही नदीवरून पाणी उचलतात आणि पाळीवरून एकमेकांची डोकी फोडतात. त्यांनी 'पाणीपाळी' उतरवून घेतलं होतं, पण बिल्ड होईना. एकच चूक सारखी दिसायची, तीही न वाचता येणाऱ्या लिपीत. भाषांतर करून पाहिलं तर अर्थ निघाला, 'चेअरमनचा फोटो सापडला नाही'. त्यांनी फार नम्रपणे विचारलं होतं की हे चेअरमन कोण, त्यांचा फोटो कुठे मिळेल, आणि तो नसला तर पाणी मिळत नाही का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इंदापूरच्या स्टँडवर कुणीही दिलं असतं.

त्याचं असं झालं होतं. पहिल्या संस्थेनं प्रोग्रॅम घेतला तेव्हा म्हणाले, तात्या, उघडल्या उघडल्या ग्रामदैवत दिसलं पाहिजे. तात्यांनी दाखवलं. दुसरी संस्था म्हणाली, देव तर पाहिजेच, शेजारी चेअरमनही पाहिजेत. मग काय, सगळ्यांनाच पाहिजे झाले. तात्यांनी फोटो प्रोग्रॅमच्या पोटातच घालून टाकला. प्रत्येक संस्थेचा वेगळा देव, वेगळा चेअरमन, म्हणून प्रत्येक संस्थेसाठी वेगळं बिल्ड. निवडणूक झाली की नवं बिल्ड. अविश्वासाचा ठराव झाला की नवं बिल्ड. एका चेअरमननी मिशी काढली म्हणून नवं बिल्ड झालं, घरच्यांना ते रूप पसंत पडलं नाही म्हणून त्यांनी मिशी परत राखली, आणि पुन्हा नवं बिल्ड. फोटो नसेल तर बिल्ड पुढे जायचंच नाही, तसा दमच तात्यांनी यंत्राला भरला होता. आणि हे सगळे फोटो होते तात्यांच्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर. म्हणजे जगात एकाच यंत्रावर 'पाणीपाळी'ची ढेप पडू शकत होती, आणि ते यंत्र नरसिंहपूरला तात्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात होतं.

मी उत्तर लिहीपर्यंत ब्राझीलच्या गृहस्थांनी आपल्या गायीचा फोटो चेअरमन म्हणून लावून पाहिला होता. फोटोचं भागलं, पण पुढे भलतंच काहीतरी अडलं. मी माझ्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं. एक अडचण काढावी तर दुसरी उभी. शेवटी म्हटलं, गुऱ्हाळच बघून येऊ.

इंदापूरपर्यंत एसटीनं गेले. स्टँडवर यासीन मुलाणी मोटरसायकल घेऊन उभा होता. यासीन तिथल्याच एका पाणी संस्थेचा सचिव. चाळिशीतला, बोलका, प्रोग्रॅमिंग तात्यांच्या मागे बसून बसून शिकलेला. साठी उलटलेली मी त्याच्या मागे बसून निघाले. वाटेत तो मान वळवून म्हणाला, "मॅडम, तात्यांना जरा दमानं सांगा. त्या बिल्डच्या स्क्रिप्टीवर त्यांचा लय जीव हाय." मी म्हटलं, "आधी तू समोर बघून चालव, माझा माझ्यावर जीव आहे."

सोप्यात शिरल्या शिरल्या कॉम्प्युटर दिसला. त्याच्यावर भरतकाम केलेलं झाकण, शेजारी उदबत्तीचं घर. तात्या धोतर-सदऱ्यात, उंच, ताठ. आतून काकू आल्या, शालनकाकू, तात्यांच्या कारभारीण. त्या माझ्या अगदी जवळ आल्या, इतक्या जवळ की मीच मागे सरले. माझ्या चेहऱ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि दंडाला हात लावून म्हणाल्या, "बारामतीची मॅडम व्हय? बस पोरी." मला पोरी म्हणणारं माणूस फार दिवसांनी भेटलं.

तात्यांनी स्क्रिप्ट, म्हणजे बिल्डच्या हुकुमांची यादी, उघडली. ती अँटमध्ये लिहिलेली होती. अँट ही जुन्या काळची बिल्ड सिस्टिम, तिला एकेक पाऊल सांगावं लागतं. हे फोल्डर उघड, ही फाइल उचल, तिकडे ठेव, आता हे कर, मग ते कर. तात्यांची फाइल पोथीएवढी लांब होती. पट्टी घेऊन पडद्यावर एकेक ओळ दाखवत त्यांनी मला ती समजावून सांगितली. खोटं कशाला बोलू, सुरेख होती. प्रत्येक संस्थेचा वेगळा भाग, कुठे गचाळपणा नाही. फक्त ती या घराबाहेर एक पाऊल टाकू शकत नव्हती.

मी मुद्द्यावर आले. अँटनंतर मेव्हन नावाची बिल्ड सिस्टिम आली होती. म्हटलं, "तात्या, हे मेव्हनवर नेऊ या."

"का? माझ्या स्क्रिप्टीला काय धाड भरलीय? इतकी वर्षं चालतीय का न्हाय?"

"चालते. पण फक्त इथं."

"मग हितंच चालू द्या की. मी कुठं पळून चाललोय?"

आतून काकूंचा आवाज आला, "तीच तर गोची हाय."

तात्या एकदम पट्टी ठेवून चष्मा पुसायला लागले. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले. काकू भाकरी थापत होत्या. थापता थापता त्यांनी सरळ सांगून टाकलं. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. बारामतीच्या डॉक्टरांनी कधीच ऑपरेशन सांगितलंय. आधी एक डोळा, मग दुसरा, तोवर तिकडेच कुणाकडे तरी राहायचं, चुलीपुढे बसायचं नाही. "पण ह्यांना घर सोडवत न्हाय. आज ह्या संस्थेचा फोन, उद्या त्या संस्थेचा. म्हणत्यात हे आवर्तन झालं की जाऊ. ते झालं की दुसरं आवर्तन. माझ्या डोळ्याचं आवर्तन काय येत न्हाय." आवर्तन म्हणजे धरणातून पाणी सुटण्याचा काळ. त्या दिवसांत तात्यांच्या कॉम्प्युटरला उसंत नसायची.

"एकट्या या ना माझ्याकडे," मी म्हटलं.

"डोळं कापायच्या वक्ताला ह्यांना सोडून? न्हाय बाई," काकू म्हणाल्या. "मी भ्याले तर हात कुणाचा धरू?"

त्या क्षणी मला ब्राझीलची गाय, माझा रिकामा वेळ, सगळं विसरायला झालं. हे काम करायचंच, असं मी ठरवून टाकलं.

जेवायला बसलो. भाकरी, मिरचीचा ठेचा आणि पिवळंधमक पिठलं. यासीननं पहिला घास घेतला आणि तो चावायचा थांबला. मी घेतला आणि मलाही कळलं. चव कसलीच नाही आणि जीभ टाळ्याला चिकटली. काकूंनी बेसनाऐवजी ज्वारीचं पीठ लावलं होतं. हळदीमुळे रंग बरोबर आला होता. पतंग चिकटवायला उत्तम खळ झाली असती.

तात्यांनी घास गिळला. "शालन, पीठ कुठलं घातलंस?"

काकूंनी भांड्यात बोट घालून चाटून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बया गं. अहो, तुमी त्यो बॅटरीचा खोका फळीवर ठेवलासा आणि माझं डबं सरकवलं. बेसन दुसऱ्या जागंवर असतंय. मी डबं बघती कुठं, जागा मोजती."

म्हणजे दृष्टी मंदावल्यापासून काकू जागांवर स्वयंपाक करत होत्या. पहिल्या जागी ज्वारी, दुसऱ्या जागी बेसन, कोनाड्यात मीठ, त्याच्या उजवीला तिखट. झाकण उघडून बघायची गरजच नाही, जागा ठरली की पदार्थ ठरला. आपली बायको कशी रांधतेय याचा तात्यांना पत्ता नव्हता.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, "तात्या, मेव्हन म्हणजे हेच. काकूंचं स्वयंपाकघर. तुमच्या स्क्रिप्टला प्रत्येक वेळी सांगावं लागतं, डबा कुठाय, आत काय आहे. मेव्हन म्हणतं, जागा एकदा ठरवा. प्रोग्रॅम इथे, चाचण्या तिथे, चित्रं पलीकडे. मग कुठल्याही घरात, कुठल्याही कॉम्प्युटरवर, न बघता रांधता येतं. फक्त मध्येच कुणी बॅटरीचा खोका ठेवायचा नाही."

तात्या ताटावरून उठले, हात धुतले, फळीवरचा तो खोका उचलून खाली ठेवला आणि काकूंना विचारत विचारत एकेक डबा जागेवर लावला. "ह्यो कुठं? आणि ह्यो?" काकू सांगत होत्या. मग बाहेर येऊन माझ्यासमोर बसले.

"मॅडम, डॉक्टरांना आवर्तनाच्या आधीची तारीख मागतो," ते म्हणाले. "तवर व्हईल का तुमचं काम? न्हाय झालं तर मला हितनं हलता येणार न्हाय. संस्थांना शब्द दिलाय."

"होईल," मी म्हटलं. नोकरीतही मी असाच पटकन शब्द द्यायची आणि मग घाम फुटायचा.

बारामतीला परत येऊन कामाला लागले. डी ड्राइव्हचे सगळे पत्ते काढून टाकले. तात्यांच्या फोल्डरमध्ये बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या लायब्रऱ्या होत्या, म्हणजे आपण उसनं आणतो ते तयार सामान. नव्या पद्धतीत नुसतं नाव सांगायचं, मेव्हन त्या थेट मूळ भांडारातून मागवून घेतं. जुन्या प्रती काढल्या, नावं लिहिली. बिल्ड झालं. मी घरात एक गिरकी घेतली, नवरा पेपरातून डोकं वर काढून बघत राहिला. नव्या बिल्डची पाळी आणि जुन्याची पाळी ताडून बघायला यासीनकडे पाठवून दिली.

त्याचा लगेच फोन आला. "मॅडम, तुमच्या यंत्रानं शनिवारी पाळी सुरू केलीय."

"मग?"

"मग काय? शनिवार मारुतीचा. आमच्या गावात शनिवारी कोण औत धरत न्हाय, नवी पाळी घेऊन कोण दारं धरून उसाला पाणी देत न्हाय. ही यादी लावली तर पाणी वाहून जाईल आणि मी गाव सोडून जाईन."

जुन्या बिल्डमध्ये शनिवार बरोबर वगळलेला होता. तात्यांचं सगळं लिखाण मी पिंजून काढलं, शनिवारचं नाव कुठे नाही. शेवटी तात्यांनाच फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "हां, ते व्हय? ते मी त्या कॅलेंडरच्या लायब्ररीतच घातलंय."

"दुसऱ्यांची लायब्ररी उघडून आत लिहिलंत?"

"मग? तारखा तितंच मोजल्या जात्यात."

"अहो, नाव तेच ठेवलंत. मी मूळ मागवली, त्यात तुमचा शनिवार कुठून असणार? लिहिणाऱ्यांना कळवायचं तरी."

"मॅडम, तुमीच सांगा," तात्या म्हणाले, "आपल्या मारुतीचा वार त्या परदेशातल्या माणसांना काय म्हणून सांगायचा? मी म्हणलं, आपलं आपण करून घेऊ, त्यांना कशाला तोशीस."

कंपनीत असते तर त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले असते. इथे मला हसू फुटलं. जावाच्या जगात लोकांनी लायब्रऱ्यांचे काय काय हाल केलेले मी पाहिलेत, पण सौजन्यापोटी केलेली ही पहिलीच मोडतोड. मग तात्यांनी फोनवर गावांचे वार सांगितले, कुठे सोमवार, कुठे रविवार, अमावास्या सगळीकडे. मी प्रत्येक संस्थेला आपला वार स्वतः ठरवता येईल अशी सोय केली. ब्राझीलच्या गृहस्थांनाही ती आवडली. त्यांच्याकडेही चर्चच्या दिवशी कुणी पाणी घेत नव्हतं.

राहिला फोटो. तो प्रोग्रॅमच्या पोटातून काढून बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवायचा, म्हणजे चेअरमन बदलला तर संस्थेनं आपला आपण बदलावा, असं मी ठरवलं. यासीनच्या संस्थेचे चेअरमन बबनआबा यांना हे अजिबात मंजूर नव्हतं. मोठं प्रस्थ, बोटांत अंगठ्या, फोटोत फेटा आणि काळा चष्मा. त्यांनी ऑफिसात मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, बाकी काय बी करा. फोटो आतच पायजे."

"आबा, बाहेर असला तरी दिसतो तसाच."

"दिसतोय वो. पण भायेर ठेवला की उद्या विरोधी पार्टीचा कोनतरी येणार आणि काढून टाकणार. आत असला की हात लावायची बिशाद न्हाय. तुमी पुण्यात ऱ्हायलाय, तुमाला सोसायटीचं राजकारण म्हायत न्हाय."

मी पुण्यात बिल्डिंगच्या सोसायटीची मीटिंग पाहिलेली आहे, पण ते बोलले नाही. आबा मानत नाहीत तोवर ही संस्था जुन्याच बिल्डवर राहणार, आणि एकही संस्था जुन्यावर राहिली की तात्या घरात अडकणार. डॉक्टरांची तारीख तोंडावर आली होती. मी सुरक्षेबद्दल, पासवर्डबद्दल सांगून पाहिलं. आबा फक्त मान डोलवत होते, आणि तात्या विषय काढायलाही तयार नव्हते. म्हणायचे, मी माझ्या सोयीसाठी कुणाला गळ घालणार नाही.

यासीन इतका वेळ दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, "आबा, एक इचारू का? समजा पुढच्या खेपेला तुमी पडला."

"ये, शुभ बोल."

"समजा म्हणतोय. त्यांचा फोटो आत गेला. मग वर्षभरात तुमी अविश्वास आणला, परत चेअरमन झाला. त्यांचा फोटो आतच. तो काढायला तात्यांच्या दारात जाऊन बसावं लागंल, आणि तात्या तवा काशीला गेल्यालं असलं तर? तवर रोज सकाळी हापिस उघडलं की कुणाचं तोंड बघायचं?"

आबांनी अंगठी फिरवली. बराच वेळ फिरवली. "भायेर ठिवा," ते म्हणाले. "पण फोल्डरला कुलूप घाला."

सगळ्या संस्था नव्या बिल्डवर गेल्या. तात्या आणि काकू माझ्या घरी राहायला आले. नवऱ्यानं आपलं कपाट मोकळं करून दिलं, म्हणाला, यांच्यासाठी आवर.

पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी आम्ही बाकावर बसलो होतो. आत नेईपर्यंत तात्यांनी काकूंचा हात धरलेला होता, दवाखान्यातल्या बाईनं सोडवून घेतला तेव्हा सोडला. तेवढ्यात तात्यांचा फोन वाजला. यासीन. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. शेतीच्या विजेचं वेळापत्रक सकाळीच बदललं होतं, दिवसा मिळणारी लाइट आता रात्री मिळणार होती, सगळ्यांच्या पाळ्या नव्यानं बसवाव्या लागणार होत्या. तात्या उभेच राहिले. त्यांनी एकदा बंद दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"थांब, मी बघतो कसं यायचं ते," ते म्हणाले.

"न्हाय न्हाय तात्या, झालंय," यासीन म्हणाला. "मी हितंच बदल केला, बिल्ड केलं, सगळ्या संस्थांना पाठवलं. पहिल्या फटक्यात झालं."

"झालं?"

"व्हय."

"मग मला फोन कशाला केलास?"

"म्हणलं, तुमाला घोर लागून ऱ्हाईल. काकींचं काय झालं ते कळवा."

तात्या खाली बसले. फोन खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला. "पहिल्या फटक्यात," ते मला म्हणाले. "माझ्याकडं कधी पहिल्या फटक्यात झालं न्हाय बघा." मग हसले, पण चष्मा काढून डोळे पुसले. मला फार बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. कंपन्यांतून मी कितीतरी लोकांच्या स्क्रिप्टा अशा निकालात काढल्या. त्यातला कुणी असा बाकावर बसून डोळे पुसत असेल, हे मनातही आलं नव्हतं. मी तात्यांना सांगितलं की जुनी स्क्रिप्ट पुसलेली नाही, प्रोजेक्टच्या इतिहासात अक्षर न् अक्षर जपून आहे, कुणालाही वाचता येईल. ते म्हणाले, "कोण वाचतंय आता." मी म्हटलं, "मी दोनदा वाचली. एकदा कामासाठी, एकदा आवडली म्हणून." ते खरं होतं, आणि त्यांना ते पटलंही.

यथावकाश दुसरा डोळाही झाला. डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं तेव्हा मी आणि यासीन दोघांना पोचवायला नरसिंहपूरला गेलो. घरात पाऊल टाकल्यापासून काकूंच्या तोंडाला खळ नव्हता. ही जळमटं कवाची? हे पातेलं असं काळं कुणी केलं? भिंतीला हा रंग कुणी दिला? रंग चार वर्षांपूर्वी त्यांनीच पसंत केला होता. यासीनच्या शर्टाला बटण नाही हेही त्यांनी दारातूनच सांगितलं.

मग त्या कॉम्प्युटरपुढे येऊन खुर्चीवर बसल्या. या घरात इतकी वर्षं तो होता, पण त्यावर काय आहे ते त्यांनी कधी धड पाहिलेलं नव्हतं. म्हणाल्या, "दाखवा तर एकदा, काय हाय ते."

तात्यांनी झाकण काढलं, कॉम्प्युटर लावला, 'पाणीपाळी' उघडलं. यासीनच्या संस्थेचंच उघडलं. मारुती आला, आणि शेजारी पडदाभर बबनआबा, फेटा, काळा चष्मा, अंगठ्या दिसतील अशी हनुवटीला लावलेली बोटं.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग तात्यांकडे वळून म्हणाल्या, "ह्या माणसासाठी थांबले व्हय मी?"

यासीन हसत हसत बाहेर अंगणात गेला. मी तोंडाला पदर लावला. तात्या मात्र हसले नाहीत. पट्टी हातात घेऊन उभे होते, ती त्यांनी खाली ठेवली.

"न्हाय," ते म्हणाले. "माझ्यासाठी थांबलीस."

काकूंनी त्यांच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"ते मला डोळं नव्हतं तवाबी दिसत हुतं," त्या म्हणाल्या.